अकरा किलो वांगी, पाच वेळा

आमच्या शाळेत बाक नव्हते, बस्करपट्ट्या होत्या. तागाच्या, मातकट रंगाच्या, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या. एका वर्गाला पाच पट्ट्या, एका पट्टीवर आठ मुलं, सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, रोज प्रार्थनेनंतर वर्गावर्गांतून फेरी मारत. पट्टी वाकडी दिसली की खिशातून सुतळी काढत. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं नाना शिपायांच्या हातात. सुतळी ताणून पट्टी सरळ केली की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, की आम्हाला वाटायचं, आजचं शिकवून झालं.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं जळगाव. आम्ही पिंप्राळ्यात राहायचो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई लोकांच्या वावरात निंदायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मीही जाईन अशी खूणगाठ कोणी बांधलेली नव्हती. वर्गात माझी जागा पाचव्या पट्टीच्या टोकाला, भिंतीला टेकून. चौथीत येईपर्यंत मी वर्गात किती वेगवेगळे शब्द बोलले असेन, याचा हिशेब सोपा होता. एक. ‘हजर’.

दिवाळीनंतर आम्हाला नव्या बाई आल्या. धुळ्याच्या होत्या. आमच्या गल्लीच्या मागच्या चाळीत खोली घेऊन राहायच्या, आणि बोलता बोलता ‘आमच्या धुळ्याला’ हे शब्द इतक्यांदा यायचे, की मला वाटायचं धुळं मुंबईपेक्षा मोठं असणार. पुढे मी कॉलेजसाठी त्याच धुळ्याला गेले आणि बस स्टँडवर उतरून चांगलीच हिरमुसले. पण ते पुढचं.

आल्या आल्या चौथ्या दिवशी बाईंनी आमच्या पट्ट्या वाकवल्या. प्रत्येक पट्टीला तीन ठिकाणी घडी मारून चौकोन केला. एका बाजूला दोघं, चार बाजूंना आठ, तोंडं आत. म्हणजे आपल्याला फळा दिसत नाही, एकमेकांची शेंबडी नाकं दिसतात. बाई म्हणाल्या, "हा तुमचा गट. आता शिकायचं ते एकमेकांना विचारून. माझ्याकडे यायचं ते सगळ्यात शेवटी."

गटात प्रत्येकाला काम होतं. एक वाचणारा, एक लिहिणारा, दोघं मोजणारे, दोघं सामान आणणारे, एक सांगणारा. आणि एक विचारणारा. विचारणाऱ्याने रोज एक तरी प्रश्न मोठ्याने विचारलाच पाहिजे. आमच्या गटात हे काम बाईंनी मला दिलं.

आमच्या गटाची पुढारी होती भाजीवालीची मुलगी. सांगणारी तीच, आणि खरं म्हणजे सगळंच तीच. नऊ वर्षांची असून ती बोलताना कमरेवर हात ठेवायची. माझं काम ऐकल्यावर ती म्हणाली, "बाई, हे तर मुकी आहे. हिला इचारणारी केलं, मंग इचारणार कोन, तो फळा का?"

"विचारेल ती," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी शाळा सुटेपर्यंत घाम पुसत बसले, आणि घंटेच्या जरासं आधी हात वर करून विचारलं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" बाईंनी वहीत खूण केली. प्रश्न म्हणजे प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज पण जाऊ?" त्याचीही खूण झाली. अशी मी पाण्यावर दोन आठवडे काढले. पण त्या चौकोनात बसून हळूहळू काहीतरी होत होतं. भाजीवालीची मुलगी शेजारीच असायची, आणि तिला मला हिणवल्याशिवाय राहवत नसे. हिणवण्याला मी निदान उत्तर तरी द्यायला हवं होतं. मी गटात बोलायला लागले. आधी ‘हो’, मग ‘नाही’, मग एकदा ‘तूच मुकी’.

बाईंनी नारळाच्या करवंट्यांचे तराजू करायला लावले. दगड तोलले, डबे तोलले, पहिलीतलं एक पोरगं करवंटीत मावतं का ते पाहिलं. पावलांनी पटांगण मोजलं आणि पाच गटांची पाच उत्तरं आली, तेव्हा ‘पाऊल कोणाचं?’ यावर आमची इतकी जोरात भांडणं झाली की मोठे गुरुजी धावत आले. त्यांना भांडणाचं काही वाटलं नाही. ते पट्ट्यांकडे बघत राहिले. पट्ट्या घडीवर विरायला लागल्या होत्या.

"बाई, पट्टी ही रांगेची वस्तू आहे," ते म्हणाले. "घडीवर फाटतात. मला वरती उत्तर द्यावं लागतं."

"मुलं बोलायला लागलीत, गुरुजी."

"तेच तर ऐकू येतंय मला ऑफिसात."

मग जानेवारी आला. गणिताच्या पुस्तकात उदाहरण होतं, चार माणसांना इतकं तर इतक्यांना किती. बाई म्हणाल्या, पुस्तकातलं राहू द्या. आपण भरीत करू. सगळ्या वर्गाने मिळून, शनिवारी, पटांगणात, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून. किती वांगी लागतील ते तुम्ही काढा.

आमच्याकडे हिवाळ्यात भरीत म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. वावरात, मळ्यात, कुठेही चार माणसं जमली की काड्या पेटायच्या. भाजलेली वांगी सोलून बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट पाटात, मिरची-लसणाबरोबर मुसळीने ठेचायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खायची. वर्ग इतका ओरडला की नाना शिपाई घंटा द्यायचं विसरले.

मोठे गुरुजी लगेच आलेच.

"शाळेत वांगी, बाई?"

"गणित आहे, गुरुजी."

"गणित वहीत असतं."

"वहीतच करणार आहेत. शनिवारी फक्त ताळा करायचा."

मोठे गुरुजी वाईट नव्हते. तिसरीत त्यांनीच आम्हाला भागाकार शिकवला होता, आणि शंभरदा विचारलं तरी शंभरदा तोच भागाकार तितक्याच सावकाशीने करून दाखवायचे. त्यांनी जरा विचार केला आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "ठीक आहे. करा. पण एकही मूल उपाशी राहता कामा नये आणि एकही वांगं वाया जाता कामा नये. दोन्हीपैकी एक जरी झालं, तर पट्ट्या सरळ. कायमच्या."

बाई हो म्हणाल्या. पट्ट्या सरळ म्हणजे मी परत पाचव्या पट्टीच्या टोकाला, भिंतीशी. तिथे ‘तूच मुकी’ म्हणायला समोर कोणी नसतं.

हिशेब आधी सगळ्या वर्गाने मिळून मांडला. मुलं चाळीस. बाई, मोठे गुरुजी, नाना शिपाई, तीन. झाले त्रेचाळीस. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आन् पाव्हना?" भरीत पेटलं की कोणीतरी येतोच, त्याला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, पाहुणा एक. एकूण चव्वेचाळीस. किलोभर वांग्यांचं भरीत किती जणांना पुरतं, यावर मात्र वाद झाला.

"चार जनांले," भाजीवालीची मुलगी म्हणाली. "माही आई रोज दहादा सांगते गिऱ्हाइकाले."

"ती जास्त विकायले कमी सांगत अशीन," दुसऱ्या गटातला एक मुलगा म्हणाला.

"ये ना बाजारात. तिच्या तोंडावर सांग."

चार ठरलं.

मग गटागटात काम सुरू झालं. चव्वेचाळीस भागिले चार. बाई एकेका चौकोनापाशी जाऊन वाकून बघायच्या. "अकरा किलो. बरोबर. शाबास! आता कोण काय आणणार ते आपसात ठरवा." आम्ही ठरवलं. वांगी मी, कारण माझ्या मामाचं आसोद्याला वांग्याचं वावर होतं. काड्या दोन मुलं. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल वाटून दिलं. बडगी पुढारीणबाई. भाकरी ज्याची त्याने. मागून शेजारच्या चौकोनातून आवाज आला, "अकरा किलो. बरोबर. शाबास! आता कोण काय आणणार…" मी तो ऐकलाही. पण शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसा.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं, मामाला निरोप धाडायचा, अकरा किलो वांगी पाहिजेत.

"अकरा किलो? वर्गाले का गल्लीले?"

"वर्गाला. आमच्या गटाने काढलं गणित."

"आन् बाकीचे गट काय आनतीन?"

"ते त्यांचं आणतील."

"त्यांचं म्हंजे काय? त्यांनीही वांगेच आनले तर?" आईने भाकरी तव्यावर टाकली. "इचार ना बाईले. तुले तर इचारायचंच काम देलं ना?"

आई शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती. तो प्रश्न मला शुक्रवारी सकाळभर पुरला. मी तो मनातल्या मनात शुद्ध भाषेत करून ठेवला. बाई, बाकीचे गट काय आणणार आहेत? दोनदा हात अर्धा वर केला. तिसऱ्यांदा बाईंनी पाहिलंच. "हं, बोल." सगळा वर्ग वळला. मी म्हणाले, "पाणी प्यायला जाऊ?"

बाईंनी वहीत खूण केली.

शनिवारी सकाळची शाळा. मामा सायकलवर पोतं बांधून आला आणि पोतं फाटकाशी उतरवून पळाला, त्याला वावरात वांग्यांचा तोडा होता. मी पोत्याशेजारी राखण करत उभी राहिले. नाना शिपाई झाडू घेऊन आले. ते अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी.

"हाई काय शे वं पोर?"

"वांगी, नाना. अकरा किलो."

"बरं शे."

तेवढ्यात दुसऱ्या गटातला मुलगा वडिलांच्या हातगाडीवर बसून आला. मांडीवर पोतं. मग तिसरं पोतं आलं, चौथं दोन पिशव्यांत विभागून आलं. पाचव्या गटाने घरोघर वाटणी केलेली, त्यामुळे त्यांची आठही मुलं हातात, खिशात, दप्तरात वांगी घेऊन आली. एकाने पाटी घरी ठेवून दप्तरभर वांगीच आणली होती. मागून काड्यांचे भारे. पाच गटांचे पाच भारे म्हणजे पटांगणात एक टेकडी झाली. पाच बडग्या. मिरच्यांची एक गोणी.

नानांनी झाडू खाली ठेवला. "जयगावना बठ्ठा वांगा आठेच उनात का? कोनं लगन शे?" जळगावातली सगळी वांगी इथेच आली का, आणि लग्न कोणाचं, असं ते विचारत होते.

बाई आल्या तेव्हा आम्ही सगळे मोठ्या अभिमानाने आपापल्या पोत्यामागे उभे होतो. बाईंनी पोती मोजली. मग उलट्या बाजूने परत मोजली. त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. त्यांच्या मागे मोठे गुरुजी येऊन उभे राहिले होते.

"बाई, हे किती?"

"पंचावन्न किलो, गुरुजी."

"आणि उत्तर किती होतं?"

"अकरा."

"म्हणजे उत्तर चुकलं."

"नाही गुरुजी," बाईंचा आवाज बारीक झाला होता. "उत्तर बरोबर आहे. पाच वेळा."

मग त्या आमच्याकडे वळल्या. मोठी माणसं चूक झाली की आवाज चढवतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी पाच गटांना पाच वेळा शाबास म्हटलं, आणि पाचांनी मिळून एकदाच आणायचं हे सांगायचं राहिलं." मी खाली बघत होते. चूक कोणाची होती हे मला माहीत होतं. कारण तिचा प्रश्न माझ्याजवळ शुक्रवारपासून तयार होता आणि मी पाणी पिऊन आले होते.

"चव्वेचाळीस जणांना पंचावन्न किलो," मोठे गुरुजी म्हणाले. "एका माणसाला सव्वा किलो. बाई, माणूस म्हणजे म्हैस नाही."

"उरलेली परत पाठवू या का?"

हातगाडीवाला मुलगा घाबरून पुढे आला. "बाई, नका! आमच्याकडे पंधरा दिवसांपासून वांगंच चालू आहे. बाप म्हने, परत आणलं तर तुलेच भाजतो."

तो वाद मिटायच्या आत पटांगणातून तडतड आवाज आला. काड्या आणणाऱ्या दहा मुलांना थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. नानांनी काडी ओढली होती, आणि आगीच्या टेकडीवर वांगी अशी ओतली जात होती, जशी ट्रकमधून खडी.

"नाना, थांबाडा!" बाई ओरडल्या.

"आते काय थांबाडू, बाई? तीन पोता व्हई ग्यात!"

भाजलेलं वांगं परत पाठवता येत नाही. मोठे गुरुजी वर्गाच्या खिडकीतून आत, पट्ट्यांकडे बघायला लागले. मला ती नजर कळली. सोमवारी सकाळी काय होणार ते मला दिसायला लागलं. आणि माझ्या तोंडून आवाज आला, इतका मोठा की माझाच मला ओळखू आला नाही.

"बाई, मग पंचावन्न किलोला किती माणसं लागतील?"

सगळ्या माना वळल्या. मागे आगीवर वांगी फुटत होती.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

"आमची मुकी," भाजीवालीची मुलगी म्हणाली. त्यात पहिल्यांदाच ‘आमची’ होतं.

बाईंचा चेहरा पालटला. "गटात बसा! पाच मिनिटं. पंचावन्न किलोला किती?"

आम्ही धुरात, जमिनीवर, चौकोन करून बसलो. काडीने मातीत लिहिलं. दोनशे वीस. त्यातून आपले चव्वेचाळीस वजा. एकशे शहात्तर माणसं हवी होती, आणि ती वांगी गार व्हायच्या आत.

"बठ्ठी शाळा!" नाना म्हणाले. शाळेत पहिली ते तिसरी मिळून एकशे बारा मुलं होती आणि तीन शिक्षक. पण भाजीवालीच्या मुलीने हरकत घेतली. पहिलीतलं पोरगं काय खाणार? तिच्या हिशेबाने पहिलीतली दोन म्हणजे एक माणूस. पहिलीत तीस होते, ते पंधरा झाले. पाचही गटांनी गणित केलं, पाचही गटांचं उत्तर आलं शंभर. या वेळी बाईंनी शाबास म्हणायच्या आधी मोठ्याने सांगितलं, "पाचांचे मिळून शंभर! पाचशे नाही!"

राहिले शहात्तर. कुंपणाच्या पलीकडे उर्दू शाळा होती. दोन्ही शाळांच्या मधल्या भिंतीवरून चेंडू, चपला आणि एकमेकांची नक्कल एवढंच जायचं-यायचं. बाईंनी आमच्या गटाला पाठवलं. "विचारणारी कोण? मग विचारून या."

तिकडचे मास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. दाढी मेंदीने रंगवलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. पुढारीणबाईने मला कोपराने ढोसलं. मी एका दमात विचारलं, "मास्तरसाहेब, तुमच्याकडे शहात्तर मुलं आहेत का?"

त्यांनी चष्मा वर केला. "छहत्तर? कायको चाहिए, बेटा?"

"भरीत खायला."

"आमच्याकडे तर नव्वद हैं."

"पहिलीत किती?" भाजीवालीच्या मुलीने पुढे येत विचारलं.

"अठ्ठावीस."

तिने बोटं मोजली. "पयलीतले दोन म्हंजे एक धरतो आमी. चौदा. आन् वरचे बासष्ट." ती माझ्याकडे वळली. "शहात्तरच व्हतात वं!"

मास्तर इतके हसले की खुर्ची मागे गेली. "आणि मी? मला नाय धरलं?"

"तुम्हाला आधीच धरलंय," मी म्हणाले. "पाहुणा म्हणून."

परत येताना ते आमच्या मागोमाग आले. आगीचा डोंगर पाहिला, पाच बडग्यांपुढे बसून ठेचणारी मुलं पाहिली, आणि एकच गोष्ट विचारली, "रोटी कहाँ है?"

बाईंनी आमच्याकडे बघितलं, आम्ही बाईंकडे. दोनशे वीस माणसांचं भरीत होतं आणि भाकरी फक्त आमच्या वर्गाच्या. पाच गटांनी सगळं गणित केलं होतं, भाकरीचं कोणीच केलं नव्हतं.

"ठीक है," मास्तर म्हणाले. "सालन तुमचं, रोटी आमची." त्यांनी भिंतीजवळ जाऊन टाळी वाजवली आणि पलीकडची नव्वद मुलं रोटी आणायला सुटली. मग आमच्या लहान वर्गांतलीही सुटली. दहा मिनिटांत जे जमलं ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ज्वारीच्या भाकरी, पोळ्या, बेकरीचे पाव, कोणाच्या घरी रात्रीच्या तीन शिळ्या रोट्या. एका मुलाची आई अजून पोळ्या करत होती, म्हणून त्याने कणकेचा गोळाच आणला. एकाच्या मागे त्याची आजी आली, कारण डबा तिचा होता. ती एका बडगीपाशी बसली, भरीत चाखलं, "नमक नहीं है, मिर्च नहीं है," म्हणाली आणि मुसळी आमच्या हातातून काढून घेतली. तिला हिशेबात कुठे धरायचं ते कोणालाच कळलं नाही.

जेवायला सगळ्या वर्गांच्या पट्ट्या बाहेर आणल्या. मोठ्या गुरुजींनी त्या रांगेत टाकायला लावल्या, आणि खिशातून सुतळीही काढली. दोन शाळांची मुलं एका रांगेत बसवायची असा योग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. पण ताटं नव्हती. शेजारच्या बागेतून आणलेली केळीची पानं होती, आणि ती एकेकाला एक अशी पुरत नव्हती. आठ जणांत एक पान. आठ जणांना एका पानावर जेवायचं तर रांगेत बसून हात पोचत नाही. रांगा आपोआप मोडल्या. पोरं पानाभोवती गोल बसली, उर्दू शाळेतली आणि आमची सरमिसळ. मोठे गुरुजी सुतळीचं टोक धरून उभे होते; दुसरं टोक पहिलीतल्या कुठल्याशा पोराने पळवलं होतं आणि त्याला तो खेळ वाटत होता. शेवटी एका पानाशी सात जण भरले आणि तिथली मुलं ओरडली, "गुरुजी, एक कमी आहे!" ते बसले.

भरीत इतकं तिखट होतं की पहिलीतली पोरं रडत होती आणि खात होती. नानांनी चार पानांवर जेवण केलं. मास्तरसाहेब आमच्या बाईंना म्हणाले, पुढच्या वेळेस बोलवा, पण आधी सांगा. बारा वाजता पाचही बडग्या पुसून कोरड्या होत्या आणि पंचावन्न किलोंतलं बोटभरही उरलं नव्हतं. आम्ही नाचत घरी गेलो. आईने विचारलं, "काय, बाकीच्या गटांनी काय आनलं?" मी सगळं सांगितलं. ती तव्यापुढे बसून हसत राहिली, पदर तोंडात धरून, आणि मध्येच म्हणाली, "इचारलं शेवटी."

सोमवारी आम्ही वर्गात आलो तर पट्ट्या सरळ टाकलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "गुरुजी सांगतील तोवर बसा असंच." आम्ही रांगेत बसलो. मी टोकाला, भिंतीशी. थोड्या वेळाने मोठे गुरुजी आले. त्यांच्या तळहातावर एक वांगं होतं. कच्चं, मोठं, हिरवट पांढरं.

"पाण्याच्या टाकीमागे सापडलं," ते म्हणाले. "मी काय सांगितलं होतं?"

एकही वांगं वाया जाता कामा नये. सगळ्यांना आठवत होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला रडू यायला लागलं, आणि बाजूला पाहिलं तर कमरेवर हात ठेवून भाजीवालीची मुलगी उभी राहिली होती.

"गुरुजी, ते वाया नाही. ते बाकी आहे."

"म्हणजे?"

"भागाकार केला की बाकी राहते. तुम्हीच शिकवलं तिसरीत. बाकी राह्यली म्हनून गनित चुकत नाही."

मोठे गुरुजी थांबले. भागाकार हा त्यांचा प्रांत होता, तिथे कोणी चुकीचं बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांनी वांग्याकडे पाहिलं. "पण बाकी कशी असली पाहिजे?"

पुढारीणबाईलाही आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी भिंतीजवळून म्हणाले, "भाजकापेक्षा लहान."

"भाजक किती होता?"

"चार."

"आणि ही बाकी?"

"एक."

"हं," मोठे गुरुजी म्हणाले. वांगं घेऊन निघून गेले. ना हो, ना नाही. तो दिवस आम्ही रांगेतच काढला, आणि मंगळवारही. बाई शिकवत होत्या, पण मध्येच थांबून दाराकडे बघायच्या. बाईंच्या वहीत दोन दिवस माझ्या नावापुढे खूण झाली नाही. विचारायला कोणाला आणि काय?

माझ्या पदवीच्या कागदावर कॉलेजचं नाव आहे, धुळ्याचं. घरातली पहिली पदवी. वडिलांनी ती काच लावून भिंतीवर टांगली. पण मला कोणी विचारलं की तू शिकलीस कुठे, तर माझ्या डोळ्यांसमोर तो बुधवार येतो.

बुधवारी सकाळी आम्ही वर्गात शिरलो तर नाना शिपाई मधोमध मांडी घालून बसले होते. हातात शिंप्याची भली मोठी कात्री. समोर आमच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीचे चार-चार तुकडे पाडून झालेले. मोठे गुरुजी बाजूला उभे राहून बघत होते. आम्हाला वाटलं, आता पट्ट्यासुद्धा गेल्या.

"घडीवर फाटतात म्हणून," मोठे गुरुजी बाईंकडे न बघता म्हणाले. "आता दुमडायला नको. एकेका बाजूला एकेक तुकडा टाका. दोघं-दोघं बसा. आणि चौकोन नीट करा, कोपरे जुळले पाहिजेत." मग दारातून वळून म्हणाले, "वरती काय उत्तर द्यायचं ते बघतो मी."

बाई पदराने चष्मा पुसत बसल्या.

नाना मात्र बोलत होते. कात्री झाडत, तुकडे मोजत, कोणीच ऐकत नसताना. "पाच पट्ट्या व्हत्यात, आते वीस व्हई ग्यात. झटकाना कोनी? मीच ना!" आम्ही त्यांच्या हातातून तुकडे ओढून घेतले. नानांची कात्री सरळ चाललेली नव्हती. आमच्या वाट्याला आलेला एक तुकडा इतका आखूड होता की त्यावर दोघी बसलो तर एक जण अर्धी फरशीवर. भाजीवालीच्या मुलीने आधी मला ढकललं, मी तिला ढकललं, आणि आमच्या गटाने त्या दिवसाचं काम सुरू केलं.